आधी मेलेले विल्यम वेगळे काढ

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि भायखळ्याच्या चर्चमधल्या लग्ननोंदीची प्रत मिळाली. नवरा मुलगा विल्यम, रेल्वेत फिटर, १८६६ साली वय २७, वडिलांचं नाव थॉमस. घरातल्या जुन्या बायबलवर इंग्लंडातलं डर्बीशायर लिहिलेलं आहे आणि तिथल्या एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, तुला १८३९चा बाप्तिस्मा सापडला: मुलगा विल्यम, वडील थॉमस, आई ॲन. 'हाच तो विल्यम, झालं ना काम?' असं विचारतेस. नाही झालं.

थॉमसचा विल्यम म्हणजे आपल्याकडे गोविंदाचा विठ्ठल. दोन कोसांत चार निघतील. आपल्याला नाशिकच्या तीर्थोपाध्यायांची सवय. गाव-आडनाव सांगितलं की ते वही उघडून पिढ्या वाचून दाखवतात. इंग्लंडात तुझ्यासाठी अशी वही कुणी लिहून ठेवलेली नाही.

म्हणून 'हाच तो' हे सिद्ध करायच्या आधी बाकीचे विल्यम 'तो नव्हे' हे सिद्ध कर. बाप्तिस्मा सापडला की लगेच त्याच पॅरिशची दफनवही बघ. मी स्वतः एका जॉनच्या मागे दोन वर्षं घालवली, त्याचे आजोबा-पणजोबा गाठले, आणि मग त्या जॉनचं दफन सापडलं. वय ३. तेव्हा एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव देत, त्यामुळे एकाच घरात दोन विल्यम निघाले तरी दचकू नकोस. १ जुलै १८३७पासून तिथे जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. ती सांभाळणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत मृत्यूच्या वेळचं वयही मिळतं.

जे जगले, त्यांना जनगणनेत शोध. १८५१ची आधी, १८४१ची नंतर. १८५१च्या पानावर कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, धंदा आणि जन्माची पॅरिश असते. १८४१मध्ये नातंच लिहिलेलं नाही, आणि पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पाढ्यात खाली आणलेली. सदतीसचा माणूस पस्तीसचा होतो. इंग्लंडात जन्मलेल्यांच्या जन्मस्थळाचं उत्तर फक्त याच काउंटीत (तिथला जिल्हाच म्हण) की नाही, एवढंच. शिवाय दोन्हीकडे तू वाचतेस ती गणकाने उतरवून काढलेली वही. घरोघरचे मूळ तक्ते बहुतेक नष्ट झाले.

आता आई. इथे माणसं हमखास फसतात. १८५१मध्ये थॉमसची बायको ॲन आहे म्हणून ती विल्यमची आई ठरत नाही, कारण त्या रकान्यातलं नातं कुटुंबप्रमुखाशी असतं, तिच्याशी नव्हे. बाप्तिस्म्यानंतरच्या मधल्या वर्षांत पहिली बायको बाळंतपणात गेली आणि दुसरी आली असेल तर? दुसरी ॲनच असेल तर? उलट, 'सन-इन-लॉ' दिसला की जावई समजू नकोस. त्या काळी सावत्र मुलालाही तेच म्हणत. बारा वर्षांचा जावई बघून मी एकदा मोठ्याने हसलो होतो, मग उलगडलं.

१८१३पासूनच्या छापील बाप्तिस्मा-नोंदीत आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा असतो, आईचं माहेरचं आडनाव नसतं. ते जन्मदाखल्यावर मिळेल. त्या सुरुवातीच्या वर्षांत काही जन्म नोंदवायचे राहून गेलेत, तेव्हा विल्यमचा दाखला मिळाला नाही तर त्याच्या सख्ख्या भावंडांचे मागव. माहेरचं आडनाव कळलं की आईबापांचं लग्न शोध.

तुझ्या मुंबईच्या नोंदीत थॉमसचा धंदा नाही, तिथेच अडायला होतं. ही प्रत म्हणजे मुंबईहून लंडनला पाठवलेली नक्कल; ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याचा हा संग्रह एन/३ म्हणून आहे. त्यातलं वय नवऱ्याने सांगितलेलं आणि कारकुनाने पुन्हा उतरवलेलं, म्हणून १८३७ ते १८४१ एवढी पट्टी धर. साक्षीदारांची नावंही नीट वाच. त्यातलं एखादं आडनाव डर्बीशायरच्या घरात, मामा किंवा मेहुणा म्हणून, पुन्हा भेटलं तर माझ्या लेखी ते नुसत्या जुळणाऱ्या बाप्तिस्म्यापेक्षा भारी.

कुटुंब मेथडिस्ट, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या झालेल्या पंथाचं असेल तर पॅरिशच्या वहीत ते नसेलही, त्यांच्या चॅपलच्या (प्रार्थनागृहाच्या) वह्या वेगळ्या.

तूर्त एवढंच कर: तुझ्या पॅरिशची आणि तिला लागून असलेल्या सगळ्या पॅरिशांची दफनं, १८३९ ते १८५१. जेवढे विल्यम सापडतील तेवढे वयासकट लिहून पाठव.

तुझा,
काका