पीए स्पीकरचा हॉर्न बंद पडला: दोष हॉर्नचा की क्रॉसओव्हरचा, हे कसं ओळखायचं?

तुमच्या भजनी मंडळाचे १५ इंची दोन बॉक्स आहेत. एकातून पखवाज दणदणीत येतो, पण टाळ आणि शब्द गायब. दुरुस्तीवाल्याने बॉक्स न उघडताच 'हॉर्न गेलाय, अख्खा बदला' म्हणून सांगितलं. प्रश्न एवढाच ना? मग पैसे तूर्त खिशातच राहू द्या. मी तालुक्याच्या गावी साऊंड भाड्याने देतो आणि दुरुस्तही करतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा बॉक्सांत कधी हॉर्न खरोखर जळालेला असतो, कधी नुसता क्रॉसओव्हरवरचा, म्हणजे बेस मोठ्या स्पीकरला आणि वरचे सूर हॉर्नला वाटून देणाऱ्या बोर्डावरचा, एखादा सोल्डरचा डाग सुटलेला असतो. आणि जळाला असला तरी बहुतेक वेळा आतला डायफ्राम, म्हणजे कॉइल चिकटवलेला थरथरणारा पातळ पडदा, बदलला की भागतं. मॅग्नेट काही जळत नाही.

तुमचे बॉक्स बाहेरच्या अँपवर चालतात असं धरून लिहितो. बॉक्सलाच २३० व्होल्टची वायर लागत असेल, तर तो ॲक्टिव्ह, म्हणजे आतच अँप असलेला. त्यात विभागणी अँपच्या आधीच होते, आणि प्लग काढल्यावरही आतल्या पॉवर सप्लायमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते. तिथे हात घालू नका.

आधी मागची पाटी बघा. काही बॉक्सांना 'बाय-अँप' असा स्विच असतो. टेम्पोत चढवताना कोणाचा धक्का लागून तो सरकला, की हॉर्नला स्पीकॉनच्या (बॉक्सला लागणाऱ्या गोल प्लगच्या) २+ आणि २- या पिनांवरून वेगळा सिग्नल लागतो, आणि तुमच्या वायरीत त्या पिना जोडलेल्याच नसतात. हसू नका, एका लग्नात मी यावर अर्धा तास घालवलाय.

स्विच ठीक असेल तर अदलाबदल करा. दुसरा बॉक्स तुमच्याकडे आहे, हेच तुमचं सर्वात मोठं हत्यार. अँप बंद करून दोन्ही बॉक्सांच्या हॉर्नच्या वायरी सोडवा. चांगल्या बॉक्सच्या क्रॉसओव्हरमधून दोन लांब तारा काढून बिघडलेल्या बॉक्सच्या हॉर्नला जोडा आणि अगदी बारीक आवाजात गाणं लावा. हॉर्न वाजला, तर तो निर्दोष आणि चोर क्रॉसओव्हरमध्ये. नाही वाजला, तर हॉर्न. मात्र हॉर्न कधीही थेट अँपला लावून बघू नका. मधला कंडेन्सर नसला की खालचा सगळा बेस त्या नाजूक डायफ्रामवर येतो, आणि असलेला हॉर्नही जातो.

आता मल्टिमीटर. इथे मी स्वतः खाल्लेला मार सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मी हॉर्नच्या टर्मिनलवर, वायरी न काढता, मीटर लावला. रीडिंग आलं अर्धा ओहम. मी म्हटलं, कॉइल शॉर्ट! नवा डायफ्राम आणून बसवला, तरी हॉर्न मुका. झालं असं होतं, की क्रॉसओव्हरमध्ये हॉर्नला समांतर तांब्याची एक कॉइल असते आणि मीटर तिचाच ओहम दाखवत होता. जुना डायफ्राम धडधाकट होता, मेला होता कंडेन्सर. म्हणून एक तरी वायर सुटी करूनच मोजायचं. मीटर २०० ओहमवर ठेवा, दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पिनांचा स्वतःचा आकडा बघा आणि तो वजा करा. ८ ओहमचा हॉर्न साधारण साडेपाच ते सात दाखवतो, १६ ओहमचा दहा-बाराच्या घरात. मीटरवर नुसता १ किंवा ओएल आलं, तर कॉइल तुटली. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल सुट्या केलेल्या हॉर्नला क्षणभर टेकवा. 'टक्' आवाज आला म्हणजे जीव आहे.

ओहम बरोबर येतो पण आवाज फाटका, किरकिरा येतो, असंही होतं. मग मागचं झाकण काढून डायफ्राम बघावा लागतो. तो पातळ धातूचा किंवा प्लास्टिकचा घुमट असतो. तडा गेलाय का, कॉइल काळी पडलीय का ते बघा. मॅग्नेट इतकं ओढतं, की हातातला स्क्रू-ड्रायव्हर सरळ डायफ्रामवर जाऊन आदळतो. दुसऱ्या हाताने स्क्रू-ड्रायव्हर धरून ठेवा. मॅग्नेटच्या फटीत कचरा असेल तर मास्किंग टेप दुमडून आत फिरवायची. फुंकर मारू नका, लोखंडाचा कीस फुंकरीने निघत नाही.

दोष क्रॉसओव्हरमध्ये असेल तर मला बरंच वाटतं, कारण तो स्वस्तात सुटतो. बोर्ड बाहेर काढा आणि आधी वास घ्या. पांढऱ्या सिमेंटच्या रेझिस्टरखाली बोर्ड काळा पडलाय का? कंडेन्सर फुगलाय का? मग जड कॉइलच्या पायांचे डाग निरखा. टेम्पोच्या धक्क्यांनी आणि बॉक्सच्या स्वतःच्या हादऱ्यांनी डागाभोवती केसाएवढी गोल चीर पडते. बारीक आवाज चालू ठेवून लाकडी काडीने एकेक भाग हलवा. कुठे खरखर झाली की जागा सापडली. नवा डाग मारला की काम झालं, आणि कॉइल गरम गोंदाने बोर्डाला पक्की करून टाका.

कंडेन्सर बदलायचा तर आकडा तोच हवा. ८ ओहमच्या हॉर्नला नुसता १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल तर तो साधारण २००० हर्ट्झच्या खालचं अडवतो. दुकानदाराने 'चालतंय की' म्हणत २२ चा दिला, की ती सीमा ९०० वर येते आणि हॉर्नला झेपत नाही. दुसरं म्हणजे पट्टीवर वजा चिन्ह असलेला साधा कंडेन्सर नको. 'एनपी' किंवा 'बीपी' लिहिलेला, नाहीतर फिल्मचा, निदान १०० व्होल्टचा घ्या. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे मिळतो.

बोर्डावर गाडीच्या इंडिकेटरसारखा छोटा बल्ब दिसला तर तो दिव्यासाठी नाही, हॉर्नच्या रक्षणासाठी आहे. करंट वाढला की तो पेटतो आणि जास्तीचा भार स्वतःवर घेतो. त्याची तार तुटली की हॉर्न बंद. मग कोणी हुशार त्या जागी तांब्याची तार टाकतो आणि हॉर्न वाजतोही. असाच एक बॉक्स माझ्याकडे वर्षात दोनदा जळून आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा ती तार माझ्या नजरेस पडली. बल्बऐवजी पॉलीस्विच, म्हणजे तापला की करंट रोखणारा आणि थंड झाला की परत सोडणारा भाग, असेल तर लक्षण वेगळं: मोठ्या आवाजात हॉर्न गप्प होतो आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतो. तुमचा तसा येत-जात असेल तर आधी तिथेच बघा.

हॉर्न खरोखरच जळालेला निघाला, तर नवा डायफ्राम टाकण्याआधी मंडळात बसून एक सप्ताह कसा वाजतो ते आठवा. माइकची शिट्टी बसली की ती बहुतेक वेळा हॉर्नच्या पट्ट्यातली असते, आणि गाण्यासारखी चढउतार न होता अखंड एका सुरात कॉइल तापवत राहते. बॉक्स गायकांच्या मागे ठेवले असतील तर पुढे आणा. टाळकऱ्यांमधला माइक जरा लांब धरा. आणि छोटा अँप लाल दिवा लागेपर्यंत ताणू नका. त्याचा आवाज कापला गेला की कापलेल्या कडांतून तयार होणारा तीक्ष्ण भाग हॉर्नकडे जातो, त्यामुळे ताणलेला छोटा अँपही हॉर्नचा बळी घेऊ शकतो.

डायफ्राम बसवल्यावर अधिक-उणे चांगल्या बॉक्ससारखंच जोडा. काही कंपन्या हॉर्न मुद्दाम उलटा जोडतात, त्यामुळे अंदाज लावू नका, दुसरा बॉक्स उघडून बघा. मग दोन्ही शेजारी ठेवून एकाच माइकवर बोला. मधोमध उभं राहून आवाज पोकळ वाटला, तर हॉर्नच्या दोन वायरी उलटवायच्या.