अर्थशास्त्र वाचायला आवडतं, पण गणिताची भीती वाटते. पदवीला तोच मुख्य विषय घ्यावा का?

लगेच ठरवू नका. आधी शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका उघडून बघा. पहिलं वर्ष बऱ्याच ठिकाणी मागणी-पुरवठ्याच्या आलेखांवर निभावतं. पुढे अर्थमिती येते, म्हणजे आकडेवारीतून कशामुळे काय घडलं ते शोधणं, आणि तिथे संख्याशास्त्र व कॅल्क्युलस (बदलाचा वेग मोजणारं गणित) लागतंच. वर्तमानपत्रातलं अर्थकारण आवडणं वेगळं, समीकरणं सोडवत बसणं वेगळं. भीती नुसती सराव सुटल्याची असेल तर रोज थोडी गणितं सोडवून ती जाते. मनापासून कंटाळाच असेल, तर राज्यशास्त्र किंवा इतिहास मुख्य ठेवा आणि अर्थशास्त्र जोडविषय म्हणून घ्या.