पावसाळ्यात घाटातून बाइकने जाताना हेल्मेटची काच स्वच्छ कशी ठेवावी?

आपण विचारले आहे की, पावसाळ्यात पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे माणगावला जाताना हेल्मेटची काच आतून वाफ धरते, बाहेरून तिच्यावर थेंब साचतात, उघडावी तर पाऊस थेट डोळ्यांत शिरतो आणि त्यात आपल्याला चष्मा आहे. अशा वेळी नेमका कोणता स्प्रे घ्यावा? याच रस्त्याने कामानिमित्त माझे बारमाही जाणे-येणे असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्प्रे निवडण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. काचेच्या दोन बाजूंचे दुखणे वेगळे आहे आणि त्यांवरचे उपायही एकमेकांच्या उलट आहेत. बाहेरच्या बाजूला पाणी टिकताच कामा नये, ते ओघळून किंवा वाऱ्याने उडून गेले पाहिजे. आतल्या बाजूला मात्र पाणी येणार हे गृहीत धरून ते थेंबांच्या रूपात न राहता सपाट पसरेल अशी व्यवस्था करावी लागते, कारण पाण्याचा पातळ, सलग पापुद्रा पारदर्शक असतो आणि बारीक थेंबांचा थर प्रकाश विखुरतो. दुकानदार ‘दोन्हीकडून मारा’ म्हणून एकच बाटली हातात ठेवतो, आणि मग बाहेर पाणी पसरून दिसेनासे होते किंवा आत थेंब धरून दिसेनासे होते.

आतल्या वाफेचे कारण आधी पाहू. आपल्या उच्छ्वासाची हवा साधारण ३४ अंश सेल्सिअसची आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. अशा एका घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम बाष्प असते, तर २२ अंशांच्या हवेत जेमतेम १९ ग्रॅम मावते. जुलैत मुळशीच्या पुढे पावसाने भिजलेली काच त्याच सुमाराची थंड असते, म्हणून उरलेले बाष्प तिच्यावर जमते. हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी असल्याने काच किंचित उघडताच वाफ उडते. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्यामुळे तोच उपाय सावकाश आणि अर्धवट लागू पडतो. कोकणातून वर चढताना त्रास वाढतो याचेही कारण हेच आहे. घाटाच्या पायथ्याच्या विळ्यापर्यंत काच ठीक असते, मग उंचीबरोबर हवा थंड होत जाते, वळणांमुळे वेग कमी होतो, हेल्मेटमध्ये खेळणारा वारा थांबतो आणि दोन-चार वळणांत समोरचे सगळे पांढरे होते.

म्हणून पहिला उपाय स्प्रेचा नसून श्वासाच्या वाटेचा आहे. बहुतेक पूर्ण हेल्मेटांना आत नाकावर येणारी रबरी किंवा प्लास्टिकची पट्टी असते, जी अनेकजण अडचण होते म्हणून काढून कपाटात टाकतात. पावसाळ्यात ती लावलीच पाहिजे, कारण ती उच्छ्वास खाली वळवते. हनुवटीजवळचा झरोका उघडा ठेवावा. त्यातून थोडे पाणी येते, पण ते हनुवटीवर येते, डोळ्यांवर नाही. डोक्यावरचा झरोका जोरदार पावसात बंद केला तरी चालतो. आणि आपल्याकडची एक सवय सोडावी लागते, ती म्हणजे हेल्मेटच्या आत नाकावरून घट्ट रुमाल किंवा स्कार्फ बांधण्याची. रुमालामुळे श्वास पुढे न जाता नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर, म्हणजे थेट चष्म्यावर आणि काचेवर जातो. गारठ्यासाठी काही बांधायचेच असेल तर ते गळ्याभोवती, हनुवटीच्या खाली असावे. रेनकोटची टोपीही हेल्मेटच्या आत चढवू नये, कारण अंगातली ऊब आणि ओल तिच्यातून वर येत राहते.

ओल्या अस्तराकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. आदल्या दिवशी भिजलेले हेल्मेट सकाळी तसेच डोक्यावर चढवले, तर गालांजवळच्या गाद्यांमधली ओल अंगाच्या उष्णतेने सुटते आणि घर सोडण्याआधीच काच धुरकट होते. निघणाऱ्या गाद्या रात्री काढून पंख्याखाली ठेवाव्यात; त्या निघत नसतील तर हेल्मेट उलटे ठेवून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि झोपण्यापूर्वी एकदा ते बदलावेत. हेअर ड्रायरचा गरम झोत मात्र टाळावा, आतल्या थर्माकोलसारख्या थराला उष्णता मानवत नाही.

आता आतल्या बाजूच्या लेपाविषयी. आपल्या काचेवर ‘अँटी-फॉग’ असे लिहिले असेल तर तो लेप अजून जिवंत आहे का हे पाहण्यासाठी काच तोंडाजवळ धरून हळूच ‘हा’ करून तिच्यावर श्वास सोडावा. धूसर डाग आला नाही तर तिला काहीही लावू नये, नाहीतर चांगला लेप बिघडतो. डाग येत असेल, किंवा काच साधीच असेल, तर भांडी घासण्याचा द्रव साबण हा घरचा उपाय खरोखर चालतो. काच हेल्मेटपासून वेगळी करून धुवावी, आतल्या बाजूला ओल्या बोटाने साबणाचा एकच थेंब सगळीकडे पसरावा, तो अर्धवट सुकू द्यावा आणि मग मऊ सुती कापडाने धुरकटपणा जाईपर्यंत हलक्या हाताने पुसावे. साबण दिसेनासा होतो, पण त्याचा अदृश्य थर उरतो आणि पाण्याला थेंब धरू देत नाही. हा थर फार तर एक दिवसाचा सोबती आहे. जास्त साबण राहिला तर पावसाचे पाणी आत येऊन तो डोळ्यांत उतरतो आणि घाटात डोळे चुरचुरणे वाफेपेक्षा वाईट. शेव्हिंग क्रीमचेही तत्त्व हेच. टूथपेस्ट मात्र कधीही वापरू नये. तिच्यात घासणारी पूड असते आणि काचेवर कायमचे ओरखडे पडतात. ट्रकचे वायपर बंद पडल्यावर चालक काचेवर तंबाखू चोळतात हे आपण ऐकले असेल. तिथेही पाणी सपाट पसरण्याचाच खेळ आहे, पण ती खरी काच असते. आपल्या हेल्मेटची ‘काच’ पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची असते, त्यामुळे तो प्रयोग तिथेच राहू द्यावा.

नेहमीचा प्रवास असेल तर माझे स्पष्ट मत असे की स्प्रेच्या बाटल्या गोळा करण्यापेक्षा पिनलॉकवर एकदाच खर्च करावा. ही ओलावा शोषणाऱ्या प्लास्टिकची वेगळी पातळ चकती असून ती काचेच्या आतल्या बाजूला दोन खुंट्यांमध्ये अडकते. तिच्या कडेने सिलिकॉनची गोट असते, त्यामुळे चकती आणि काच यांच्यामध्ये हवेचा बंदिस्त थर राहतो, थर्मासच्या दोन भिंतींमध्ये पोकळी असते तसा, आणि चेहऱ्याकडची बाजू बाहेरच्या पाण्यामुळे थंड होत नाही. ती बसवण्यासाठी काचेला मुळातच त्या खुंट्या असाव्या लागतात, म्हणून विकत घेण्याआधी आपल्या हेल्मेटच्या मॉडेलला ती चालते का हे विचारावे. बसवताना काच काढून दोन्ही हातांनी थोडी सपाट करावी लागते, चकती एका खुंटीत अडकवून मग दुसरीत सरकवावी लागते, आणि तिच्यावरची संरक्षक फिल्म बसवून झाल्यावर काढावी लागते. त्यानंतर उजेडासमोर धरून गोट सगळीकडे काचेला टेकली आहे का ते पाहावे. एखाद्या ठिकाणी ती उचललेली दिसली, तर खुंट्या थोड्या फिरवून ताण वाढवता येतो, कारण त्या मुद्दाम केंद्रापासून जरा सरकवलेल्या असतात. ही बारीक जुळवणी न करणारे लोकच ‘पिनलॉकमध्येही वाफ धरते’ असे सांगत फिरतात. अर्थात तिलाही मर्यादा आहेत. तासन्‌तास मुसळधार पावसात चकती ओलाव्याने भरते आणि मग तीही धूसर होते, रात्री समोरच्या दिव्यांचे पुसट प्रतिबिंब दिसते, आणि ती इतकी मऊ असते की कोरड्या फडक्याने पुसली तरी ओरखडते. तिला साबणाचा लेप किंवा स्प्रे लावू नये.

चष्म्याचे दुखणे पिनलॉकने जात नाही, कारण चष्म्याची काच वेगळीच थंड होते. तिथे नाकावरची पट्टी, श्वास नाकावाटे आणि खाली सोडण्याची सवय, आणि चष्म्यासाठी मिळणारा अँटी-फॉग द्रव एवढेच उपयोगी पडते. चष्म्याच्या काचांवर आधीच काही लेप असेल तर कोणता द्रव चालेल हे चष्मेवाल्याला विचारून घ्यावे.

बाहेरच्या बाजूकडे वळताना पहिला धडा स्वच्छतेचा आहे. काचेवर तेलकट थर बसला असेल तर पावसाचे थेंब तिच्यावर अधिकच चिकटून राहतात. पौड रस्त्यावर डंपरच्या चाकांतून उडणाऱ्या पाण्यात चिखल असतो, डिझेलचा अंश असतो, आणि हातमोज्याने ते पुसले की धुरकट पट्टे उमटतात. धुळीने माखलेली काच कोरडी कधीही पुसू नये, कारण क्रशरच्या बारीक खड्यांचे कण सँडपेपरचे काम करतात. आधी पाणी सोडावे, मग साबणाच्या पाण्याने बोटांनी धुवावे. किडे चिकटून वाळले असतील तर ओला मऊ कपडा काचेवर पाच-दहा मिनिटे अंथरून ठेवावा, ते आपोआप सुटतात. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव पॉलिकार्बोनेटला बारीक तडे पाडतात. पंपावर थांबून पेट्रोलचा बोळा फिरवणारे पाहिले की मला त्यांच्या काचेची दया येते.

त्यानंतर पाणी झटकणारा थर लावायचा असेल तर प्लास्टिकसाठी असल्याचे बाटलीवर स्पष्ट लिहिलेलाच घ्यावा. कारच्या काचेसाठीचे काही द्रव हेल्मेटच्या काचेवरचा कठीण लेप खराब करतात. शिवाय अपेक्षा माफक ठेवावी. हे थर वेगावर चालतात. माणगावजवळ महामार्गावर वेग ताशी साधारण ६० किलोमीटरच्या पुढे गेला की थेंब सरकू लागतात आणि मान किंचित डावी-उजवीकडे वळवली की वारा त्यांना कडेला ढकलतो. घाटात ३० च्या वेगाने मात्र ते जागचे हलत नाहीत, उलट गोल होऊन जास्तच डोळ्यांत खुपतात. तिथे खरा सोबती म्हणजे डाव्या हातमोज्याच्या तर्जनीवर किंवा अंगठ्यावर काच पुसण्यासाठी असलेली रबरी पट्टी. उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो, म्हणून ती डाव्या हाताला असते. ढग रस्त्यावर उतरलेले असतात तेव्हा थेंब न पडताही काच बाहेरून पांढरी होते, आणि आतून वाफ धरली असे समजून माणूस विनाकारण झरोके उघडझाप करत बसतो. आधी एकदा बाहेरून पुसून पाहावे.

काचेच्या वरच्या कडेची रबरी पट्टी जुनी झाली असेल तर पाणी आतून ओघळते, आणि त्यावर कोणताही लेप चालत नाही. कागदाची चिटोरी काच आणि रबर यांच्यामध्ये धरून काच बंद करावी. ती सहज ओढून निघाली तर तिथे फट आहे. बऱ्याच हेल्मेटांत काचेची बाजूची बैठक स्क्रू ढिले करून मागे सरकवता येते. रबराला थोडे सिलिकॉन ग्रीस लावावे.

काळी किंवा आरशासारखी काच पावसाळ्यात नकोच. युरोपातील हेल्मेटसाठीच्या ईसीई मानकानुसार ८० टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश आत सोडणाऱ्या काचेवर ‘फक्त दिवसा वापरण्यासाठी’ अशी खूण करावी लागते, आणि ताम्हिणीत आषाढातली दुपार चार वाजताच संध्याकाळसारखी असते. ओरखडलेली पारदर्शक काचही तितकीच वाईट, कारण समोरून येणाऱ्या दिव्याचा प्रत्येक ओरखड्यावर तारा फुटतो. म्हणून मी दरवर्षी जूनआधी काच हातात घेऊन बल्बसमोर धरतो आणि ओरखडे नजरेत भरले तर कंपनीचीच नवी काच घेतो; हेल्मेटच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

हे सगळे करूनही रात्री, मुसळधार पावसात, ढगांतून आणि समोरून मोठ्या गाड्या येत असताना काही दिसत नाही असा प्रसंग येतो. तेव्हा काच एक खाच उघडून, डावीकडच्या कडेला धरून सावकाश पुढच्या टपरीपर्यंत किंवा वस्तीपर्यंत जावे आणि पाऊस ओसरेपर्यंत थांबावे. वळणावर किंवा रस्त्याच्या कडेला गाडी लावून काच पुसत उभे राहू नये, कारण मागून येणाऱ्यालाही आपल्याइतकेच कमी दिसत असते.