वाचकांचे प्रश्न : सशाने चारा नाकारला, तर सकाळची वाट पाहू नका

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. मुलीच्या हट्टाखातर दोन वर्षांपूर्वी पांढऱ्या सशांची जोडी आणली. गेल्या मे महिन्यात मादी एका संध्याकाळी कोपऱ्यात अंग चोरून बसली आणि कोथिंबिरीलाही तोंड लावेना. उन्हाने मलूल झाली असेल, सकाळी दवाखान्यात नेऊ, असे आम्ही ठरवले. पण पहाटेच ती दगावली. आता नर एकटा उरला आहे. त्याचे दुखणे वेळेत कसे ओळखावे? पशुवैद्यकीय दवाखाना वीस-बावीस किलोमीटर दूर आहे; तोवर घरी काय करावे?

उत्तर : पत्र वाचून वाईट वाटले. शेळ्या-गाई सांभाळलेल्या घरांत अशी चूक सहज होते, कारण शेळी एखाद्या सांजेला चारा टाकते आणि दुसऱ्या दिवशी उठून कळपाबरोबर चरायला जाते. त्याच अनुभवाने आपण सशाचीही सकाळपर्यंत वाट पाहतो. सशाचे आतडे मात्र तंतुमय चाऱ्याने सतत हलते राहावे लागते. ते मंदावले की पोटात वायू धरतो, दुखू लागते, दुखल्यामुळे तो आणखी खात नाही, आणि उलटी करण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेलीच नाही. म्हणून ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर तो तातडीचा रुग्ण समजावा, मग रात्रीचे नऊ वाजलेले का असेनात.

ससा मुळात इतरांची शिकार होणारा प्राणी असल्यामुळे दुखणे शेवटपर्यंत लपवतो. तो मलूल दिसू लागतो तेव्हा बराच वेळ हातचा गेलेला असतो. त्याला लपवता येत नाही ते त्याचे खाणे आणि त्याच्या लेंड्या. रोज सकाळी पिंजरा झाडताना त्यातल्या दोन-चार लेंड्या हातावर घेऊन पाहाव्यात. निरोगी सशाची लेंडी साधारण हरभऱ्याएवढी, गोल आणि कोरडी असते, आणि बोटांनी चुरली की आत गवताचे बारीक तूस दिसते. त्या मुगाएवढ्या किंवा वेड्यावाकड्या झाल्या, केसात ओवलेल्या मण्यांसारख्या एकमेकींना लोंबू लागल्या किंवा संख्येने निम्म्यावर आल्या, तर पोट बिघडू लागले आहे असे समजावे. द्राक्षाच्या घोसासारखी मऊ, काळपट, चकचकीत विष्ठा ससा गुदद्वारातूनच तोंडाने उचलून खातो. ते त्याचे नैसर्गिक अन्न आहे, त्याची किळस करू नये. ती न खाता पडून राहू लागली, तर दाणा-बिस्किटे जास्त होत आहेत किंवा त्याला वाकता येत नाही, असा अर्थ होतो. पाण्यासारखी हगवण, विशेषतः पिल्लांमध्ये, काही तासांत जीव घेते.

याशिवाय पाठीला बाक काढून डोळे अर्धवट मिटून बसणे आणि कान गार पडणे ही वेदनेची खूण आहे. दात करकरा वाजत असतील तर तीही वेदनाच. कुरवाळताना येणारा हलका दातांचा आवाज समाधानाचा असतो, तो वेगळा ओळखता येतो. हनुवटी लाळेने ओली राहत असेल तर दात पाहून घ्यावेत, कारण सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत कमी पडले की झिजत नाहीत. नाक वाहत असेल तर पुढच्या पायांच्या आतील केस चिकटलेले दिसतात, कारण तो नाक तिथेच पुसतो.

आपल्याकडचा उन्हाळा हा स्वतंत्र धोका आहे. पारा तीस अंशांच्या वर गेला की सशाला त्रास होऊ लागतो, आणि विदर्भात मे महिन्यात तो पंचेचाळीसपर्यंत जातो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो बहुतेक कानांवाटे बाहेर टाकतो. टिनाच्या छपराखाली पिंजरा कधीही ठेवू नये. तोंड उघडून धापा टाकणे, कान लाल आणि तापलेले असणे, अंग टाकून पडणे ही उष्माघाताची लक्षणे दिसताच त्याला सावलीत, वाऱ्यात घ्यावे आणि माठाच्या पाण्यात भिजवलेले फडके कानांवर ठेवावे. बर्फ लावणे किंवा अंग पाण्यात बुडवणे टाळावे. त्या धक्क्याने ससा मरू शकतो.

खाणे बंद झालेले लक्षात येताच आधी दूरध्वनी करावा. तुमचे पशुवैद्य उपलब्ध नसतील, तर पशुआरोग्य सेवेच्या 1962 या क्रमांकावर विचारावे. सशांचे उपचार कोण करतात याची चौकशी मात्र आजच करून ठेवा. नागपूर आणि अकोला येथील पशुवैद्यकीय शिक्षणसंस्थांच्या रुग्णालयांचाही विचार करावा. तोवर त्याला शांत, अंधाऱ्या जागी ठेवून ताजी हरळी आणि वाटीत पाणी समोर ठेवावे. कान गार असतील तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून अंगाजवळ ठेवावी. पोट ढोलासारखे ताठ लागत असेल, तर बळजबरीने काहीही भरवू नये. आणि ही विनंती कळकळीची आहे : शेळीसाठी आणलेले उरलेसुरले औषध किंवा आपली वेदनाशामक गोळी देऊ नका. पेनिसिलिन किंवा अॅमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिले, तर सशाच्या आतड्यातील उपयोगी जिवाणू मरतात आणि औषधच त्याला मारते. नेताना दुपार टाळावी, खोक्याला भोके पाडून आत त्याच्या सवयीचे गवत पसरावे आणि पिशवीत सकाळच्या लेंड्या घ्याव्यात. डॉक्टरांना त्यांवरून बरेच कळते.

एक बारीक गोष्ट. कपाशीवर फवारणी चालू असते त्या दिवसांत धुऱ्यावरचे गवत आणू नये.

प्रश्न : सशाच्या कानात आणि नाकावर खपल्या धरल्या आहेत. गावातले लोक जळके ऑइल लावायला सांगतात. लावावे का?

उत्तर : लावू नये. ससा अंग चाटतो आणि ते तेल पोटात जाते. कानातल्या जाड खपल्या बहुतेक कानातील कोळ्यांसारख्या सूक्ष्म किड्यांमुळे, तर नाक आणि बोटांवरच्या खपल्या खरजेमुळे होतात. खपल्या ओढून काढू नका, खाली जखम असते. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरचा फिप्रोनिल या कीटकनाशकाचा फवारा सशाला विषारी ठरतो, तोही वापरू नये. पशुवैद्य वजन पाहून आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात आणि ते ठरावीक दिवसांनी पुन्हा द्यावे लागते. पहिल्यानंतर बरे वाटले म्हणून दुसरे चुकवू नये. पिंजऱ्यातले गवत जाळून टाकावे. ससा हाताळून मुलांना खाज सुटली, तर त्यांनाही डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : आमच्या सशिणीची लघवी विटकरी रंगाची येते. रक्त असेल का?

उत्तर : काही चाऱ्यातील रंगद्रव्यांमुळे सशाची लघवी केशरी-लालसर होते, तेवढ्यावरून घाबरू नये. सशीण कुंथत असेल, लघवी थेंबथेंब होत असेल किंवा रक्ताची गाठ दिसत असेल, तर लगेच दाखवावे. तीन-चार वर्षांपुढच्या, नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो, म्हणून वय पशुवैद्यांना आवर्जून सांगा.