‘कॉम्प्युटर जमत नाही, मग मी वैमानिक म्हणून टिकेन का?’

वैमानिक होऊ पाहणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि जुनी विमाने सोडून नव्या विमानाचे प्रशिक्षण घेणारे अनुभवी वैमानिक, अशा सर्वांकडून एकच चिंता मी वारंवार ऐकतो: कॉम्प्युटरमध्ये गती नसेल, तर या व्यवसायात निभाव लागेल का? एका वैमानिकाशी झालेल्या संवादांतून मी तिचे उत्तर देतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काट्यांच्या उपकरणांवर कारकीर्द घडवलेले हे गृहस्थ आता पडद्यांच्या कॉकपिटमध्ये बसू लागले होते. त्यांच्या तुकडीतील तरुण मुले फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे विमानाचा मार्ग सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, मार्ग भराभर भरत. “खराब हवामानात माझा हात थरथरत नाही, पण त्या कीपॅडपुढे डोके रिकामे होते,” ते म्हणाले.

त्यांच्या भीतीत तीन गोष्टी मिसळलेल्या होत्या: बोटांचा मंद वेग, त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरील पानांचा क्रम न आठवणे आणि धाकट्यांसमोर चुकण्याची लाज. पहिल्या दोन सरावाने सुटतात. तिसरी मला अधिक गंभीर वाटली, कारण लाजेपोटी ते वर्गात प्रश्न विचारायचेच थांबले होते.

एका भेटीत मी विचारले, “सहकाऱ्याने उंचीचा आकडा सांगितला, तर तुम्ही काय करता?”

“स्वतः उच्चारतो, उपकरणावर पाहतो, जुळला तरच मान्य करतो.”

“आणि कॉम्प्युटरने दाखवला, तर?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मुकाट्याने मान्य करतो. चुकणार तो मीच, असे धरून चालतो.”

त्या उत्तरात सारी गाठ होती. मी त्यांना 2009 च्या मार्चमध्ये मेलबर्नला घडलेली घटना सांगितली. उड्डाणाची गणिते करताना विमानाचे वजन 362.9 टनांऐवजी 262.9 टन असे भरले गेले. कॉम्प्युटरने इंजिनांचा कमी जोर आणि चुकीचे वेग काढून दिले, आणि शेपटी धावपट्टीवर घासत ते एअरबस ए-340 प्रवासी विमान कसेबसे हवेत चढले. सुदैवाने ते सुखरूप परतले. कॉम्प्युटरने गणित अचूकच केले होते, पण चुकलेल्या आकड्यावर.

“हा आकडा मला खटकला असता,” ते पटकन म्हणाले. त्यांच्या आवाजात अधिकार मी प्रथमच ऐकला. तेथील वैमानिकही अनुभवीच होते, त्यामुळे केवळ खटकण्यावर विसंबता येत नाही, पडताळणीची सवय लागते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. मात्र ती सवय त्यांच्याकडे आधीपासूनच होती. सहकाऱ्याला लावलेला नियम यंत्रालाही लावायचा, एवढेच उरले होते. ही वाट त्यांना त्यांच्याच उत्तरातून सापडली, याचे मला आजही समाधान आहे.

आत्मविश्वास समजुतीने येत नाही, छोटी कृती स्वतः पार पाडल्याने येतो, असे मी मानतो. म्हणून त्यांनी घरी कॉकपिटचे कागदी चित्र भिंतीवर लावून, प्रत्येक पायरी मोठ्याने उच्चारत सराव केला आणि दररोज वर्गात एक तरी प्रश्न विचारायचे ठरवले. पहिला प्रश्न विचारला, तेव्हा तोच प्रश्न त्या तरुणांपैकी काहींनाही पडला होता, असे त्यांना कळले.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. परंतु 1988 मध्ये एअरबसचे ए-320 हे प्रवासी विमान सेवेत आल्यापासून अनेक विमानांत वैमानिकाच्या हालचालीही कॉम्प्युटरमार्फतच विमानाच्या पंखांपर्यंत पोहोचू लागल्या आहेत, त्यामुळे या विषयाकडे पाठ फिरवून चालणार नाही. नकाशे आणि वजनाची गणिते टॅबलेटवर हाताळता यावीत, ऑटोपायलट कोणत्या मोडमध्ये आहे आणि पुढे काय करणार आहे हे सांगता यावे. सोबत तोंडी गणितही जपावे. उंचीतील हजार फुटांच्या आकड्याला तीनने गुणले की खाली उतरायला लागणारे सागरी मैल अंदाजे मिळतात. तीस हजार फुटांसाठी सुमारे नव्वद. हा अंदाज आधी मनात ठरवावा आणि मगच पडद्यावरचा आकडा पाहावा.