आधी पात्याची पाठ बघा, मग चिंच

पणजोबांची वाकडी तलवार, मुठीला एकच लोखंडी कमान, पात्यावर मधूनमधून निळे डाग. ही 'साहेबाची' आहे का आणि खंडेनवमीच्या आधी चिंचेने घासू का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजिबात घासू नका. ते निळे डाग म्हणजे गंज नव्हे. पातं तापवून आणलेला निळा रंग असावा तो. त्यावर सोनेरी नक्षीही असे. मी तरुणपणी अशाच एका पात्याला पॉलिश पेपर मारला होता. दहा मिनिटांत पातं लख्ख झालं आणि दोनशे वर्षांची कलाकुसर भुकटी होऊन फडक्यावर आली. अजून हळहळ वाटते.

वर्णनावरून ही इंग्रजांच्या हलक्या घोडदळाची, 1796 च्या नमुन्याची वाटते. फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) मोहिमेत आपल्याच तलवारी कुचकामी ठरताना पाहून ले मार्शां या अधिकाऱ्याने बर्मिंगहॅमच्या तलवारी बनवणाऱ्या हेन्री ऑस्बर्नला हाताशी धरून हा नमुना तयार केला. पातं 33 इंचांच्या आसपास, टोकाकडे निमुळतं होण्याऐवजी उलट रुंदावणारं. घोड्यावरून छाट मारायलाच केलेलं. भोसकायला फारसं कामाचं नाही. 1821 च्या नमुन्यात वाक कमी झाला आणि मुठीला तीन कमानी आल्या.

आता अधिकाऱ्याची की साध्या स्वाराची? स्वाराच्या मुठीत पाठपट्टीला (मुठीच्या मागच्या बाजूच्या धातूच्या पट्टीला) दोन्ही बाजूंनी कानासारखे पाळे असतात, त्यातून आरपार रिव्हेट. अधिकारी पदरच्या पैशाने तलवार घेत. त्यांच्या मुठीला बहुधा हे कान नसतात, वर माशाचं कातडं आणि तारेचे वेढे असतात. मुठीजवळ पात्याच्या पाठीवर भिंग धरा. 'रंकल, झोलिंगन' असं कोरलेलं दिसलं तर पातं जर्मनीतल्या झोलिंगन गावाहून आलेलं.

म्यान लोखंडी आहे की लाकडी, ते तुम्ही लिहिलं नाही. मला त्याचीच जास्त उत्सुकता आहे. इंग्रज घोडदळातल्या कॅप्टन नोलनने 1853 च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय, की निजामाच्या स्वारांनी केलेल्या भयंकर घावांबद्दल कळल्यावर त्याने चौकशी केली, तर तलवारी निघाल्या इंग्रज घोडदळाने मोडीत काढलेल्या! फरक इतकाच, की वस्तऱ्यासारखी धार, लाकडी म्यान, आणि लढाईशिवाय उपसायची नाही. लोखंडी म्यानात तीच धार घासून बोथट व्हायची. तुमचं गाव मराठवाड्यातलं, म्हणून हे आठवलं. 'साहेबाला लोळवून आणली' ही घरातली गोष्ट खरी असेलही, पण मोडीतून विकत घेतली असण्याची शक्यता मला जास्त वाटते. रागावू नका.

पूजेला हळदकुंकू मुठीला लावा, पात्याला ओलं काही नको. शिलाई मशीनच्या तेलाचा हात मऊ सुती फडक्याने हलकेच फिरवा, बस. शंभर वर्षांवरची वस्तू आहे, तेव्हा परदेशातल्या भावाला भेट म्हणून पाठवायचा विचार सोडा. कायद्याने चालत नाही.

पाठीचा आणि मुठीच्या कडेचा जवळून फोटो टाका, मग पुढचं बोलू.