सल्ला मागितला, पण मानला नाही

प्रश्न : धाकट्या बहिणीने नोकरी बदलण्याविषयी माझे मत विचारले. मी मनापासून सांगितले, तरी तिने नेमके उलट केले. मानायचा नव्हता, तर सल्ला मागितला कशाला?

उत्तर : तुमचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे, मात्र बहिणीने तुमचे मत मागितले होते, निर्णय तुमच्यावर सोपवला नव्हता. इलान यानिव्ह आणि एली क्लाइनबर्गर यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की सल्ला घेणारी माणसे मिळालेल्या सल्ल्यापेक्षा स्वतःच्या मताला अधिक वजन देतात, आणि याचे एक कारण असे मानले जाते, की आपल्या मतामागची कारणे आपल्याला ठाऊक असतात, दुसऱ्याच्या मतामागची तेवढी नसतात. त्यामुळे ‘असे कर’ एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या हाती तोलून पाहण्याजोगे फारसे काही लागत नाही. दुसऱ्याच्या अडचणीकडे आपण अधिक शांतपणे पाहू शकतो हे खरे आहे, आणि म्हणूनच तिने तुम्हाला विचारले असेल. पण निर्णयाचे परिणाम तिला भोगायचे आहेत, आणि तिने न सांगितलेली भीती किंवा इच्छा तुमच्या हिशेबात आलेलीच नसावी. (सल्ला देण्यापूर्वी ‘तुला स्वतःला काय वाटते?’ असे विचारले होते का, हे आठवून पाहा.)

तिचा निर्णय चुकला, तरी ‘मी सांगितले होते’ हे वाक्य उच्चारू नका, कारण त्यानंतर ती अडचणीत असतानाही तुमच्याकडे येणार नाही. तूर्त तिला फोन करा आणि कामाचे दिवस कसे चालले आहेत, एवढेच विचारा.